पर्यावरण कायद्याचा ऑनलाइन डिप्लोमा: पैसे वसूल होतात का? तालुका कोर्टातल्या वकिलाचा रिव्ह्यू

आधीच सांगते, संस्थेचं नाव टाकणार नाहीये. असे डिप्लोमा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालतात आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे सिलॅबस तोच, त्यामुळे एकाच्याच माथी सगळं मारण्यात अर्थ नाही. एक वर्षाचा पीजी डिप्लोमा, सगळं ऑनलाइन, सगळं इंग्रजीत, फी चाळीसेक हजारांच्या घरात. मी कोकणात तालुका कोर्टात प्रॅक्टिस करते, दिवाणी बाजू, म्हणजे वाटपाचे दावे, वहिवाट, मनाई हुकूम, अधूनमधून १३८ चे, म्हणजे न वटलेले चेक. गेल्या काही वर्षांत दारात वेगळीच माणसं यायला लागली. खाडीत मासे मरून वर आले म्हणून, काळ्या दगडाच्या खाणीच्या सुरुंगाने भिंतीला तडे गेले म्हणून, रात्री कुणीतरी ओढ्यात टँकर रिकामा केला म्हणून. ही माणसं पुण्या-मुंबईच्या मोठ्या वकिलाकडे जाणार नाहीत, परवडतच नाही, आणि इथे आमच्या बारमध्ये एनजीटीचं, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं नाव काढलं की सगळे म्हणतात ते दिल्लीचं काहीतरी असतं. म्हणून घेतला डिप्लोमा.

आता ज्युनियर पोरं बार रूममध्ये सारखी विचारतात, मॅडम घेऊ का, यात करिअर होतं का, तर प्रत्येकाला चहावर बसवून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार. ज्याच्याकडे उभं राहायला कोर्ट आणि दारात येणारा पक्षकार आहे त्याला उपयोगाचा, आणि सर्टिफिकेट दाखवलं की पर्यावरणाचा वकील म्हणून कुणीतरी बोलावेल असं वाटणाऱ्याने चाळीस हजार वाचवावेत, खरंच वाचवावेत.

सुरुवातीचे मॉड्यूल म्हणजे नुसते एम. सी. मेहता. कलम २१, कलम ४८-अ, ५१-अ आणि मग मेहता, मेहता, मेहता. वाईट आहे असं नाही हां, माणूसच तसा आहे. जम्मूहून दिल्लीला आलेला वकील, १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम वायू सुटला, त्यात तीस हजारी कोर्टात प्रॅक्टिस करणारा एक वकील दगावल्याचं निकालातही येतं, आणि त्या मॅटरमधून १९८६ च्या डिसेंबरात ॲब्सोल्यूट लायबिलिटी आली, म्हणजे धोकादायक धंदा करताय ना मग नुकसान झालं तर कुठलीही सबब चालणार नाही. मग गंगेकाठचे चामड्याचे कारखाने, ताजमहालाभोवतीचा कोळसा, पुढे १९९६ चं गोल्डमन पर्यावरण पारितोषिक, १९९७ चं मॅगसेसे. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ऐकून झाल्यावर आपण करायचं काय, ते कुणी सांगत नाही. तेव्हा बत्तीस कलमाखाली थेट सुप्रीम कोर्टात रिट टाकता यायची आणि कोर्ट ऐकायचंही. आज तुम्ही हायकोर्टात जनहित याचिका घेऊन गेलात तर पहिला प्रश्न असतो की एनजीटीत का गेला नाहीत. एनजीटीच्या २०१० च्या कायद्यानंतर रस्ताच बदलला. डिप्लोमावाले मात्र अजून जुन्याच रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांना हार घालतायत आणि पोरांना वाटतं आपणही एक याचिका टाकली की झालो मेहता.

बरं, मेहतांच्या पलीकडे आपल्या बाजूची माणसं सिलॅबसमध्ये जवळपास नाहीतच. गोव्याच्या नॉर्मा आल्वारिस, २००२ च्या पद्मश्री, गोवा फाउंडेशनच्या मॅटर्समधून सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये ८८ लीजची दुसरी रिन्यूअल्स रद्द केली, हे सगळं एका स्लाइडवर आटपलं. खरं तर वकिलाने करिअर म्हणून बघायचंच असेल तर हेच उदाहरण बघावं. १९८६ पासून एकाच छोट्या राज्यात, एकाच हायकोर्टाच्या खंडपीठासमोर पाय रोवून बसायचं, सोबत कागद खणून काढणारी माणसं हवीत आणि एक मॅटर वीस-वीस वर्षं सोडायचं नाही. आणि डहाणू! डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवणारी १९९१ ची अधिसूचना, मग १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या हुकमाने नेमलेलं प्राधिकरण, त्यावर अध्यक्ष म्हणून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये जाईपर्यंत होते. एका तालुक्याला स्वतःचं पर्यावरण प्राधिकरण, आणि महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला शिकवताना त्याचा उल्लेखही नाही. असो.

आता चांगलं काय ते सांगते, कारण दोन मॉड्यूल खरोखर चांगले आहेत आणि तीन स्टारपैकी अडीच तरी त्यांचेच.

पहिलं म्हणजे मुदतीचं. शिकवायला आलेल्या बाई एनजीटीत रोज उभ्या राहणाऱ्या होत्या, ते लगेच कळतं, कारण त्यांनी तत्त्वज्ञान वगैरे काही न सांगता पहिल्याच लेक्चरला फळ्यावर तीन आकडे मांडले. प्रकल्पाला ईसी, म्हणजे पर्यावरण मंजुरी मिळाली त्याविरुद्ध अपील करायचं तर एनजीटी कायद्याचं कलम १६, तीस दिवस, आणि सबळ कारण असेल तर वरचे साठ, म्हणजे एकूण नव्वद, त्यापुढे ट्रिब्युनललाही माफ करता येत नाही. कलम १४ खाली अर्ज करायचा तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, अधिक साठ दिवस. नुकसानभरपाई मागायची तर कलम १५, पाच वर्षं, अधिक साठ दिवस. दिवाणीतल्या आम्हा लोकांना डिले कॉन्डोनेशनचा अर्ज म्हणजे चहाइतका नेहमीचा, चारशे दिवसांचा उशीरही माफ होतो कधी कधी. इथे एक्याण्णवाव्या दिवशी दार बंद म्हणजे बंद.

हे कुठे उपयोगी पडलं ते सांगते. खाणीजवळच्या वाडीतले काही लोक आले, एकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत पेपरची कात्रणं, ग्रामसभेचा ठराव, तडे गेलेल्या भिंतींचे फोटो झेरॉक्सवाल्याकडून कलरमध्ये काढलेले. म्हणाले ताई, खाणीची परवानगी रद्द करायची. मी आधी परवानगीची तारीख बघितली. परवानगी मिळाली की प्रकल्पवाल्याने सात दिवसांत दोन पेपरात जाहिरात द्यायची असते, त्यातला एक स्थानिक भाषेतला, ती जाहिरात त्यांच्याच कात्रणांत होती, टेंडर नोटिसांच्या खाली, कुणी वाचलीच नव्हती. त्या तारखेपासून नव्वद दिवस कधीच उलटून गेलेले. ईसी 'कळली' कधी असं धरायचं यावर एनजीटीचा २०१३ चा अरुणाचलातल्या जलविद्युत प्रकल्पाचा निकाल आहे, सेव्ह मॉन रीजन फेडरेशनचा, तो वाचला तरी इथे काही वाट निघत नव्हती. म्हणजे कलम १६ संपलं. पण ईसीच्या कागदावर अटी असतात ना, त्या कुणी वाचत नाही. सुरुंगाची वेळ, रस्त्यावर पाणी मारणं, झाडांचा पट्टा, दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल. त्या अटी मोडल्या जातायत हे कारण ताजं होतं, त्याची मुदत शिल्लक होती, आणि घरांच्या नुकसानीला तर पाच वर्षं. म्हणजे परवानगीवर हल्ला करायचा सोडून अटींवर जायचं. त्या बाईंनी हेच शिकवलं होतं, एक दार बंद असेल तर कुठलं उघडं आहे ते आधी बघा आणि मगच पक्षकाराला काय ते सांगा. या एका लेक्चरसाठी मी फी दिली असं समजते.

आणि हो, नुकसानभरपाईवरून आठवलं, उरणच्या मच्छीमारांचा निकाल यात नाही म्हणजे कमालच आहे. रामदास जनार्दन कोळी विरुद्ध केंद्र सरकार वगैरे, एनजीटी पुणे, २७ फेब्रुवारी २०१५. बंदराच्या भरावामुळे खाडीतली मासेमारी गेली म्हणून १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई, जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोने मिळून द्यायची. आता हुकूम मिळणं वेगळं आणि पैसे कोळ्याच्या हातात पडणं वेगळं, ते आपल्याला माहितीये. पण कोकणपट्टीत प्रॅक्टिस करणाऱ्याने कलम १५ शिकायचं तर हाच निकाल आधी वाचायला हवा, आणि मला तो डिप्लोमाने नाही, पनवेलच्या एका वकील मैत्रिणीने दिला.

दुसरं चांगलं मॉड्यूल ईआयए रिपोर्ट, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल, तो वाचण्याचं. शिकवणारे सर वकील नव्हतेच, रिटायर्ड शास्त्रज्ञ, आवाज बारीक, नेट सतत जायचं, पण काय शिकवलं! चारशे पानांचा रिपोर्ट उघडला की पहिलं पान वाचायचं नाही. आधी दहा किलोमीटरचं वर्तुळ गुगल अर्थवर स्वतः काढायचं आणि त्यात येणारी गावं, ओढे, देवराया आपल्या हाताने लिहायच्या, मग रिपोर्टमधल्या यादीशी ताडायच्या. मग बेसलाइनचे, म्हणजे प्रकल्पाआधीच्या पाहणीचे महिने बघायचे, पावसाळा सोडून एका मोसमाचा डेटा चालतो, म्हणजे कोकणातला जो ओढा जूनमध्ये दुथडी भरून वाहतो तो मार्चच्या पाहणीत 'पाणी नाही' म्हणून बसतो. मग कन्सल्टंटचं नॅबेटचं मान्यतापत्र आणि लॅबचं एनएबीएल, दोन्हीच्या तारखा. शेवटी झाडं-प्राण्यांची यादी. तिथे सरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या जुन्या ईआयएचा किस्सा सांगितला, त्यात स्प्रूस आणि बर्चची झाडं निघाली होती. रत्नागिरीत! रशियातल्या खाणीचा रिपोर्ट उचलून चिकटवला होता. वर्गात सगळे हसले, मला काही हसू आलं नाही, आंब्या-काजूच्या गावात बर्च लिहून कागद पुढे सरकत होता म्हणजे मधल्या किती टेबलांवर तो कुणी वाचलाच नव्हता.

याच मॉड्यूलमध्ये मोपा विमानतळाचंही नीट शिकवलं. पेडणे तालुक्यातलं पठार, अर्जाच्या फॉर्म-१ मध्ये आजूबाजूच्या जंगलाची माहिती नीट दिलीच नव्हती, म्हणून मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ईसी स्थगित करून पुन्हा तपासायला पाठवली, आणि पुढच्या जानेवारीत अटी वाढवून काम सुरू करायला परवानगी दिली. सर म्हणाले, जिंकलात का हरलात ते तुम्ही ठरवा, मी फक्त फॉर्म कसा वाचायचा ते दाखवतोय. असा मास्तर विरळा.

आता नावडलेलं. नोट्स शिळ्या आहेत, आणि कायद्यात शिळं खाणं म्हणजे पोट बिघडणारच. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चं कलम १५ त्यांच्या पीडीएफमध्ये अजून पाच वर्षं कैद असंच आहे. जन विश्वास कायदा २०२३ ने ती कैद काढून दंड ठेवला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत, १ एप्रिल २०२४ पासून लागू. एवढा मोठा बदल, फौजदारी बाजूच उडाली जवळजवळ, आणि नोट्समध्ये एक ओळ नाही. मी ईमेल केला, उत्तर आलं की सूचना संबंधितांकडे पाठवली आहे. परीक्षेत तोच प्रश्न आला आणि पर्यायांत पाच वर्षं कैदच बरोबर धरली होती. आता बोला.

तसंच वनशक्ती या संस्थेच्या मॅटरमधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं. काम आधी सुरू करायचं आणि ईसी मागून घ्यायची, हे चालणार नाही असं न्यायमूर्ती ओक आणि भुयान यांच्या बेंचने १६ मे २०२५ ला सांगितलं. १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायाधीशांच्या बेंचने दोन विरुद्ध एक असा तो निकाल मागे घेतला, एकटे भुयान विरोधात. नोट्समध्ये मे महिन्याचा निकाल 'ताजी घडामोड' म्हणून ठळक चौकटीत छापलाय. एखाद्या ज्युनियरने तो भरवशावर अर्जात टाकला तर समोरचा सिनियर त्याचं काय करेल याची कल्पना करा. (ओक साहेब आपले ठाण्याचे, ध्वनिप्रदूषणावरचा त्यांचा २०१६ चा डॉ. बेडेकरांच्या याचिकेतला निकाल प्रत्येक गणपतीच्या आधी एकदा वाचावा असा आहे, डिप्लोमात तोही नाही.)

एनजीटीच्या पहिल्या परिशिष्टात सातच कायदे आहेत. पाण्याचे दोन, जंगल संवर्धनाचा १९८० चा, हवेचा, ८६ चा, पब्लिक लायबिलिटी विम्याचा आणि जैवविविधतेचा. वन्यजीव कायदा त्यात नाही, १९२७ चा वन कायदा नाही, वनहक्क कायदा नाही, आपला महाराष्ट्राचा १९७५ चा शहरी झाडांचा कायदा अर्थातच नाही. म्हणजे बिबट्याचं मॅटर, वनहक्काचं मॅटर, सोसायटीसमोरचा वड तोडण्याचं मॅटर, तिन्ही घेऊन एनजीटीत गेलात तर पहिल्याच तारखेला ज्युरिसडिक्शनवर अडकाल. ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगायला हवी, ती आली शेवटून दुसऱ्या लेक्चरला, तीही कुणीतरी चॅटमध्ये विचारलं म्हणून. शहरातल्या नव्या वकिलाला पहिलं पर्यावरणाचं काम मिळतं ते झाडाचं, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची नोटीस झाडाला खिळ्याने ठोकलेली असते आणि हरकतीचे दिवस संपत आलेले असतात, त्यावर एक तास नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज झाड केलं, त्यावर एक शब्द नाही. आणि विदर्भातल्या मुलामुलींनी तर विचारच करून घ्या, वनहक्क कायद्याला एक लेक्चर, त्यात ओडिशातलं नियमगिरीचं खाण प्रकरण वीस मिनिटं आणि गडचिरोलीतलं मेंढा-लेखा, ज्यांना २००९ मध्ये देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळाले, ते नावापुरतं. गडचिरोलीत प्रॅक्टिस करायची असेल तर हा डिप्लोमा तुमच्यासाठी नाहीच.

ड्राफ्टिंग शून्य. वर्षभरात एकही अर्ज लिहून घेतला नाही. परीक्षा एमसीक्यू आणि एक 'रिसर्च पेपर', जो माझ्या अंदाजाने कुणी वाचत नसावं, कारण मार्क सगळ्यांना साधारण सारखेच. प्रत्यक्षात एनजीटीत उतरलं की लागतं ते वेगळंच. फॉर्म भरायचा, तारखांची यादी लावायची, नुकसानभरपाई मागितली नसेल तर फी हजार रुपये, मागितली तर मागितलेल्या रकमेचा एक टक्का, त्यामुळे उगाच कोटीचा आकडा टाकायचा नाही. सातबारा, फेरफार, ग्रामसभेचा ठराव, तलाठ्याचा पंचनामा, सगळ्याचं इंग्रजी करून लावायचं, आणि 'पोटखराबा'चं इंग्रजी करणारा माणूस तालुक्यात शोधायचा. खर्च तिथे होतो, फीमध्ये नाही.

आणि पाण्याचा नमुना! गावातला कार्यकर्ता बिस्लेरीच्या बाटलीत ओढ्याचं लाल पाणी घेऊन येतो आणि म्हणतो हा घ्या पुरावा. १९७४ च्या पाणी कायद्याचं कलम २१ वाचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी नमुना घेणार, कारखानदाराला नोटीस देणार, त्याच्यासमोर दोन भाग करणार, सील, सही, मग लॅब. ही पद्धत चुकली तर तो रिपोर्ट कारखान्याविरुद्ध पुराव्यात घेता येत नाही. ट्रिब्युनलला पुराव्याच्या कायद्याचं बंधन नाही हे खरं, म्हणून बाटली अगदीच फुकट जात नाही, पण समोरचा वकील पहिला हल्ला त्या बाटलीवरच करतो. म्हणून तक्रार द्यायची ती त्याच दिवशी, ईमेलने, वेळ आणि जागेसकट, नमुना घ्या अशी स्पष्ट मागणी करून, आणि मग जेव्हीएसचे, म्हणजे मंडळाने कारखान्यातून घेतलेल्या जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पलचे रिपोर्ट माहिती अधिकारात मागत राहायचे. जेव्हीएस म्हणजे काय हे मला डिप्लोमातून नाही, एमआयडीसीतल्या एका ट्रीटमेंट प्लांटच्या ऑपरेटरकडून कळलं, तो आमचा लांबचा भाचा लागतो.

करिअरचं एक खास सत्र होतं, त्याबद्दल लिहायलाच हवं कारण पोरांना तेच हवं असतं. मोठ्या फर्मचे एक पार्टनर आले, ईएसजी, ड्यू डिलिजन्स, कम्प्लायन्स ऑडिट, चकचकीत स्लाइड. त्यांनी खरं तेच सांगितलं पण अर्धंच. या क्षेत्रात नियमित पैसा आहे तो कारखान्याच्या बाजूने. कन्सेंट (मंडळाची परवानगी) रिन्यूअल, मंडळाच्या शो-कॉज नोटिशीला उत्तर, बँक गॅरंटी जप्त होऊ नये म्हणून धावपळ, रेड-ऑरेंज, म्हणजे जास्त प्रदूषणाच्या कॅटेगरीच्या कटकटी. त्यात वाईट काही नाही, उलट चांगला कम्प्लायन्सचा वकील प्लांट नीट चालवून घेतो आणि ओढा वाचतो. पण मच्छीमारांचं मॅटर घेतलंत की फी म्हणजे एसटीचं भाडं, झेरॉक्स आणि दिवाळीला सुकी सुरमई. दोन्ही बाजू एकाच तालुक्यात करता येत नाहीत, गाव लहान असतं, कुणाचं वकीलपत्र कुणाकडे आहे ते संध्याकाळपर्यंत कळतं. मी ठरवलंय की एमआयडीसीतलं काम घ्यायचं नाही, घर चालतं ते वाटपाच्या दाव्यांवर, आणि पर्यावरणाची मॅटर्स त्याच्या जिवावर. हे सत्रात कुणी सांगितलं नाही, की बहुतेक जिल्ह्यांत हे असंच चालतं, एक पोटाची प्रॅक्टिस आणि एक ही. दिल्लीत लाइफसारखी वकिलांची संस्था आहे, रित्विक दत्ता वगैरेंची, २०२१ चा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळालेली, तिथे किंवा तशा ठिकाणी दोन वर्षं काढता आली तर सोनं, पण घरची जबाबदारी असलेल्या चिपळूण-खेडच्या मुलीला ते किती जमणार.

लाइव्ह सेशन रविवारी सकाळी, रेकॉर्डिंग दोन दिवसांनी अपलोड व्हायचं, कधी आवाजच नसायचा. शंकांसाठी जो ग्रुप होता त्यावर विद्यार्थीच एकमेकांना उत्तरं द्यायचे, आणि खरं सांगू का, तो ग्रुप हा डिप्लोमाचा न छापलेला फायदा. नागपूर, कारवार, पणजी, पालघर, जिथे जिथे कुणी असं काम करतंय ते सगळे तिथे भेटले. गोव्याच्या एका वकिलाने सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नकाशे कसे वाचायचे ते फोनवर समजावलं, २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांमधला फरक भरतीरेषा बोटाने दाखवावी तसा. त्याची फी कुणी घेतली नाही.

एलएलएम करावं की डिप्लोमा, हे विचारणाऱ्यांना: शिकवायचं असेल, नेट-सेट द्यायची असेल तर एलएलएम. कोर्टात उभं राहायचं असेल तर दोन्हीच्या आधी सहा महिने एनजीटीच्या साइटवर पुणे बेंचच्या ऑर्डर्स वाचा, रोजच्या रोज, फुकट आहेत. पुण्याला कधी गेलात तर कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत जाऊन मागे बसा. एक न्यायिक सदस्य आणि एक तज्ज्ञ सदस्य असतो, तो तज्ज्ञ असे प्रश्न विचारतो की वकिलाला घाम फुटतो, सीओडी (पाणी किती दूषित आहे त्याचं एक माप) किती होता, पाऊस पडल्यावर किती झाला. जॉइंट कमिटी नेमली की तिच्या पाहणीच्या दिवशी आपला पक्षकार तिथे हजर ठेवायचा, हे तिथे बसूनच कळतं. सोबत बेअर ॲक्ट, म्हणजे नुसता मूळ कायदा ठेवा, एनजीटीचा २०१० चा, छोटासाच आहे, कलम १४ ते २२ पाठ करा. हे झाल्यावरही डिप्लोमा हवासा वाटला तर घ्या, तेव्हा त्या दोन मॉड्यूलचा खरा फायदा होईल.

वकील नसलेल्यांसाठी, म्हणजे संस्थांमध्ये काम करणारे, पत्रकार, कारखान्यातले ईएचएसवाले (पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा बघणारे), यांना कदाचित आमच्यापेक्षा जास्त उपयोग आहे, कारण त्यांना ईआयए वाचणं आणि ईसीच्या अटी वाचणं एवढंच हवं असतं आणि ते इथे नीट मिळतं. इंग्रजी मात्र बरं पाहिजे, मराठीतून काहीही नाही, सबटायटल्सही नाहीत.

शेवटचं फीबद्दल. हप्त्याने भरता येते, पण हप्ता दोन दिवस लांबला तरी लॉगिन बंद होतं आणि पुन्हा चालू करायला वेगळे पैसे, तर ऑटो-डेबिट लावून टाका. छापील नोट्सच्या संचाचे वर अडीच हजार मागतात, ते घेऊ नका, पीडीएफच आहे तीच छापलेली, वर सांगितलेल्या चुकांसकट. सर्टिफिकेट पोस्टाने यायला खूप वेळ लागतो, घाई असेल तर आधी डिजिटल मागून घ्या.